साडेदहाचा उपग्रह, सहाची ओहोटी

कोकणात भरतीची वेळ काढायला तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती पूर्ण आणि बाराच्या सुमारास ओहोटी पूर्ण. पुनवेला-अवसेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. मुंबईच्या किनाऱ्यावर प्रत्यक्षात पाणी बाराच्या आसपास भरतं. थोडा फरक पडतो, पण होडी काढणाऱ्याला आणि चिखलात उतरणाऱ्या बाईला एवढा हिशोब पुरतो. या हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते, ती किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. उधाणाची भरती दुपारी बाराला आणि मध्यरात्री, आणि उधाणाची ओहोटी, म्हणजे पंधरवड्यातली सगळ्यात खोल ओहोटी, सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे. वर्षानुवर्षं हेच. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आले की उधाण येतं, म्हणून उधाणाचं घड्याळ सूर्याला बांधलेलं असतं.

दुसरं एक घड्याळही सूर्यालाच बांधलेलं आहे. अमेरिकेचे लँडसॅट, युरोपचे सेंटिनेल-२ आणि आपले रिसोर्ससॅट हे जमिनीची छायाचित्रं घेणारे उपग्रह कुठल्याही ठिकाणावरून साधारण एकाच वेळी जातात: तिथल्या सूर्याच्या वेळेनं सकाळी दहा ते साडेदहा, मुंबईच्या घड्याळात अकराच्या आसपास. ही वेळ विचारपूर्वक निवडलेली आहे. ऊन पुरेसं असतं, दुपारचे ढग जमलेले नसतात, आणि दर वेळी सावल्या सारख्या पडल्यानं या महिन्याचं चित्र मागच्या महिन्याशी ताडून बघता येतं. विदर्भातला कापूस किंवा मेळघाटचं जंगल बघायला ही वेळ उत्तम आहे.

खाडीला ती सोयीची नाही. पुनवेच्या सकाळी उपग्रह वरून जातो तेव्हा ठाण्याची खाडी भरत आलेली असते. अकराला पूर्ण ओहोटी मिळायची तर षष्ठी-सप्तमी लागते, आणि ते दिवस भांगाचे. भांगाला पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. म्हणजे ठाणे, धरमतर, वसईच्या खाड्यांमध्ये उधाणाच्या ओहोटीला जो चिखल उघडा पडतो, त्याची सगळ्यात खालची पट्टी या उपग्रहांच्या वेळेत बसतच नाही. कॅमेरा कितीही तीक्ष्ण करा, पाण्याखालचा चिखल त्याला दिसणार नाही.

हे तांत्रिक बारकावे घेऊन एवढं भांडायचं कारण असं की आज खाडी राखायची की भरून टाकायची, हे बऱ्याच अंशी उपग्रहाच्या नकाशावर ठरतं. चित्रात जे ठळक दिसतं त्याला कायद्याचं कवच मिळतं. जे दिसत नाही, ती मोकळी जागा ठरते आणि तिथे भराव पडतो.

कांदळवनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या तिवरांच्या जंगलाच्या, बाबतीत ही पद्धत फळली, हे आधी मोकळेपणानं मान्य करू. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभर कांदळवनं तोडायला बंदी घातली, त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितला आणि कांदळवनं नेमकी कुठे आहेत याचे नकाशे उपग्रहाच्या चित्रांवरून करून घ्यायचा आदेश दिला. नागपूरचं महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग अ‍ॅप्लिकेशन सेंटर या कामाला लागलं. त्याआधी 'इथे तिवरं होती' असं गावकऱ्यानं सांगायचं आणि 'कुठे होती?' असं समोरच्यानं विचारायचं, तिथेच प्रकरण संपायचं. नकाशा आल्यावर तो प्रश्न बंद झाला. २०१२ मध्ये वन खात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयानं कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला ठरवला. या साखळीतली एक महत्त्वाची कडी उपग्रह आहे, आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

तिवराच्या झाडाला हा न्याय मिळाला, कारण ते उपग्रहाला दिसायला सोपं आहे. हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं, पाणी तो जवळजवळ सगळा गिळून टाकतं. काळ्या पाण्याच्या कडेला कांदळवन त्या चित्रात रसरशीत उठून दिसतं. बारमाही हिरवं असल्यानं ते मे महिन्यातही हरवत नाही. ओला चिखल मात्र मंद, गढूळ पाण्यासारखाच. मोरससारख्या खाऱ्या जमिनीवरच्या बुटक्या वनस्पतींची तऱ्हा वेगळी. वसई-पालघरकडे मोरसाची भाजी करतात. ती पट्ट्यापट्ट्यांनी वाढते, उन्हाळ्यात लालसर होते, आणि उपग्रहाच्या चित्रातल्या, जमिनीवर २३.५ मीटर लांब-रुंद भरणाऱ्या एका ठिपक्यात ती, शेजारचा चिखल आणि साठलेलं पाणी सगळं एकत्र मिसळून जातं. देशाच्या वनस्थिती अहवालातली कांदळवनांची मोजणी बराच काळ याच २३.५ मीटरच्या चित्रांवरून होत आली आहे.

त्या मोजणीतले आकडे बघा. २०१५ च्या अहवालात महाराष्ट्रात २२२ चौरस किलोमीटर कांदळवन होतं. २०१७ मध्ये ते ३०४ झालं. दोन वर्षांत ८२ चौरस किलोमीटर! अहवालानं याचं श्रेय नैसर्गिक वाढीला आणि लागवडीला दिलं. पुढे २०१९ मध्ये ३२०, २०२१ मध्ये ३२४. मग २०२३ चा अहवाल ३१५ सांगतो, आणि त्याच वेळी राज्यात १२ चौरस किलोमीटरहून अधिक वाढ झाल्याचंही सांगतो. ३२४ वरून ३१५ वर आलेला आकडा वाढलेला कसा? कारण आधीचा आकडाच मागाहून सुधारून खाली आणला गेला. यात लबाडी नाही. चित्र चांगलं मिळालं, वाचण्याची पद्धत सुधारली, की जुना आकडा बदलतो, आणि शास्त्रात तसं व्हायलाच हवं. पण दोन वर्षांनी बदलणारा हा आकडा वर्तमानपत्रात 'राज्यात कांदळवन वाढलं' म्हणून पहिल्या पानावर येतो, तेव्हा त्यातलं किती नवं उगवलं आणि किती नव्यानं दिसलं, हे कुणी विचारत नाही.

मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची आहे. समजा, वाढ खरीच झाली. कांदळवन नव्यानं वाढतं कुठे? डांबरी रस्त्यावर किंवा भातशेतात नाही. ते पुढे सरकतं चिखलावर. ठाण्याच्या खाडीत गाळ साचत गेला, खाडी उथळ होत गेली, आणि तिवरं पाण्याच्या दिशेनं सरकत गेली. उपग्रहाच्या हिशोबात ही निव्वळ कमाई. पण लहान रोहित पक्षी (फ्लेमिंगो) त्या चिखलावरचं सूक्ष्म शैवाल गाळून खातो. तुतारी, चिखले हे पाहुणे पक्षी चिखलातले किडे टिपतात. त्यांना झाडांच्या मुळांच्या दाट जाळ्यात नीट चरता येत नाही. निवट्या, चिंबोऱ्या, शिंपल्या, कालवं गोळा करून घर चालवणाऱ्या कोळी-आगरी बायकांसाठीही उघडा चिखल आणि दाट तिवर एकसारखी नाहीत. हिरवा आकडा वाढताना त्यांचं शेत आकसत असतं, आणि त्याची नोंद कुठल्याही तक्त्यात होत नाही.

ठाणे खाडीच्या रोहित पक्षी अभयारण्याचं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्याचं क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. कागदावर त्याचे दोन भाग आहेत: ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी. तिसरा भाग नाही. ज्या चिखलासाठी रोहित येतात, तो दिवसाचे काही तास पाणी असतो आणि काही तास जमीन. दोनच खाने असलेल्या कागदात तो पाण्यात मोजला गेला. २०२२ मध्ये ही खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली, त्या यादीत क्षेत्रही ६,५०० हेक्टरच्या वर गेलं, याचा मला आनंद आहे. तरी दोन खान्यांची सवय मोडलेली नाही.

कायद्यात चिखलाला जागा नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत कांदळवनं आणि प्रवाळांबरोबर खाऱ्या दलदली आहेत, चिखलपट्टेही आहेत. पण चिखलपट्ट्याला एक विशेषण लावलं आहे: 'जैविकदृष्ट्या सक्रिय'. म्हणजे नुसता चिखल असून भागत नाही, तो जिवंत आहे हे दाखवावं लागतं. ते कसं दाखवणार? ओहोटीला उतरून, ठरावीक चौकोनातला गाळ काढून, चाळणीत धुऊन, उरलेले कृमी आणि शिंपले मोजून. कुठलाही उपग्रह हे करू शकत नाही. तिवर आहे की नाही हे आकाशातून ठरतं आणि चिखल जिवंत आहे की नाही हे गुडघाभर रुतून ठरतं. पहिलं काम स्वस्त आणि झटपट, म्हणून ते होतं. दुसरं मागे पडतं. दुसरी पळवाट पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांत आहे. किनारी नियमन क्षेत्रात येणाऱ्या जागा त्या नियमांतून वगळल्या आहेत, मिठागरंही वगळली आहेत. त्यामुळे खाडीकाठच्या चिखलाला एकच आधार उरतो, तो किनारी क्षेत्राच्या नकाशाचा. त्या नकाशात चिखल कमी आला तर त्याला दुसरं दार नाही.

अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रानं २०११ मध्ये काढलेल्या राष्ट्रीय पाणथळ अ‍ॅटलासमध्ये भरती-ओहोटीतल्या चिखलपट्ट्यांचा स्वतंत्र वर्ग आहे. देशातल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २ लाख १ हजार ५०३ पाणथळ जागा त्यात नोंदवल्या गेल्या, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये याच यादीवर बोट ठेवून त्यांना संरक्षण द्यायला सांगितलं. एवढ्या मोठ्या देशासाठी हे काम अफाट आहे. पण मी आजवर खाडीचे जे नकाशे पाहिले, त्यांच्या कोपऱ्यात उपग्रहाचं नाव आणि फार तर चित्राची तारीख होती. त्या क्षणी खाडीत पाणी किती चढलेलं होतं, हे त्यांतल्या एकावरही छापलेलं नव्हतं. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो. सपाट चिखलावर एक मीटर पाणी म्हणजे शेकडो मीटर रुंदीची पट्टी दिसणं किंवा न दिसणं. पाण्याची उंची न सांगता चिखलाचं क्षेत्र सांगणं मला शास्त्रात बसत नाही.

जगाच्या पातळीवर हा प्रश्न अंगावर घेतलेला एक मोठा प्रयत्न झाला. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लँडसॅटची सात लाखांहून अधिक चित्रं संगणकाकडून वाचून घेऊन जगभरचे भरती-ओहोटीतले पट्टे मोजले गेले. ते किमान १ लाख २८ हजार चौरस किलोमीटर भरले. जिथे पुरेशी जुनी चित्रं होती, त्या भागांत १९८४ ते २०१६ दरम्यान १६ टक्के क्षेत्र गेलेलं होतं. एकाच चित्रावर भरवसा न ठेवता शेकडो चित्रांतून कुठली जागा कधी ओली आणि कधी कोरडी होते हे शोधायचं, ही कल्पना फार मोलाची. पण त्या नकाशालाही लँडसॅटचं दहाचं घड्याळ चुकवता आलेलं नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला बसलो, ती. सहाच्या ओहोटीला वरून जाणारे उपग्रह आहेत. रडारचे. रडार स्वतःच्या लहरी सोडतं आणि परतलेल्या मोजतं, त्याला उजेड लागत नाही, म्हणून हे उपग्रह पहाट आणि तिन्हीसांजेच्या वेळेच्या कक्षेत फिरवतात. युरोपचा सेंटिनेल-१ २०१४ पासून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपासच्या कक्षेत आहे. इस्रोनं फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडलेला ईओएस-०४ तशाच कक्षेतला. आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला, इस्रो आणि नासानं मिळून बांधलेला निसार, तोही. ही वेळ वेगळ्या कारणांनी निवडली गेली, ठाण्याच्या खाडीसाठी नाही. पण मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी नेमकी त्याच वेळी येते, आणि पावसाळ्याचे ढगही रडारला अडवत नाहीत. अशी जुळणी जगाच्या सगळ्या किनाऱ्यांच्या नशिबी नसते.

रडारचं चित्र वाचणं सोपं नाही. संथ पाणी आणि गुळगुळीत ओला चिखल दोन्ही काळे दिसतात, वारा सुटला तर पाणी उजळतं. म्हणून एका चित्रावर विसंबता येत नाही. पण निसार दर बारा दिवसांनी त्याच जागेवर येतो आणि उधाण साधारण पंधरा दिवसांनी. प्रत्येक उधाण सापडणार नाही, तरी वर्षात काही चांगल्या ओहोट्या नक्की सापडतील. प्रत्येक चित्रात पाण्याची कड कुठे होती ते काढायचं, त्या घटकेची पाण्याची उंची तिला जोडायची, आणि अशा कडा एकावर एक ठेवत जायच्या. प्रत्येक कड म्हणजे उंचीची एक रेषा. वर्षभरात चिखलाचा चढउतार मिळतो, पुढच्या वर्षी तो कुठे भरला आणि कुठे झिजला हेही कळतं.

निसारच्या लांब लहरींकडून आणखी एक काम होतं. सुमारे २४ सेंटिमीटरच्या या लहरी पानांच्या छतातून बऱ्याच अंशी आत शिरतात. खाली पाणी असेल तर पाण्यावरून बुंध्यावर आणि बुंध्यावरून परत अशा उडी मारून जोरात परततात. म्हणजे बांधामागच्या कांदळवनात भरतीचं पाणी शिरतं की नाही, हे तपासता येतं. उरणच्या पाणजे इथल्या सुमारे २८९ हेक्टरांच्या पाणथळीत भरतीचं पाणी अडवल्याच्या तक्रारी अनेक वर्षं चालू आहेत. नेरूळमध्येही २०२४ च्या उन्हाळ्यात खाडीचं पाणी तळ्यात येईनासं झाल्यावर रोहित मेल्याच्या बातम्या आपण वाचल्या. अशा जागी पाणी थांबतं पहिल्या आठवड्यात, आणि झाडं वाळलेली दिसतात फार उशिरा. झाड मेल्यावर पुरावा मिळून काय उपयोग? उघाडी, म्हणजे बांधातली पाण्याची वाट, बंद झाल्याचं बारा-चोवीस दिवसांत कळलं, तर ती उघडून घ्यायला वेळ उरतो.

मी हे बोललो की कांदळवनांसाठी झटणारे काही मित्र अस्वस्थ होतात. त्यांची भीती खोटी नाही. मोठ्या कष्टानं न्यायालयाला पटलेली एक साधी गोष्ट आपल्याकडे आहे: हिरवं दिसलं की हात लावायचा नाही. त्यात चिखल, उंची, तिथी असा गुंता आणला तर विरोधी वकील म्हणेल की तुमचेच तज्ज्ञ म्हणतात कांदळवन फार वाढलं, मग तोडू द्या थोडं. पण चिखलाचा नकाशा हवा म्हणणं म्हणजे तिवर तोडू देणं नव्हे. आज भरपाई म्हणून तिवरांची लागवड करताना जागा शोधली जाते, तेव्हा मोकळा दिसणारा चिखल 'रिकामा' समजून त्यातच रोपं खोचण्याचा मोह होतो. चिखलाचा स्वतंत्र नकाशा नसेल, तर तो रिकामा नव्हता हे उद्या कशाच्या जोरावर सांगणार? कांदळवनाच्या वाट्यालाही २००५ च्या आधी हेच आलं होतं.

दुसरा आक्षेप असा की ड्रोन असताना उपग्रह कशाला? ड्रोन हव्या त्या ओहोटीला उडवता येतो, बोटभर तपशील देतो, आणि एखाद्या खाजणापुरता तो फारच चांगला. पण मुंबई-नवी मुंबईच्या खाड्या दोन विमानतळांच्या छायेत आहेत, परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि अख्खी खाडी महिनोन्‌महिने उडवत बसणं कुणालाच परवडणार नाही. दोन-चार ठिकाणी रडारचं वाचन बरोबर आहे का, हे ताडून बघायला तो वापरावा.

खरी मोठी कमतरता आकाशात नाहीच. चिखल जिवंत आहे हे ठरवणारी माणसं हवीत. ठाणे, रायगड, पालघरच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, दर वर्षी मुलं प्रकल्प करतात. चाळणी, बादली आणि ओहोटीचे दोन तास एवढंच लागतं. आणि निवट्या धरायला जाणाऱ्या बायकांना कुठला चिखल भरलेला आणि कुठला मेलेला हे पावलागणिक माहीत असतं. त्यांना सर्वेक्षणात वाटाड्या म्हणून न नेता मजुरी देऊन माहितीचा स्रोत म्हणून नोंदवलं पाहिजे, त्यांनी दाखवलेली प्रत्येक जागा नकाशावर त्यांच्या गावच्या नावानं आली पाहिजे. नकाशा तयार झाला की तो मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर मराठीत लागावा, हरकती ओहोटीच्या वेळी जागेवर ऐकल्या जाव्यात. दुपारी बाराला, भरल्या खाडीकडे बघत, चिखलाची सुनावणी घेण्यात काही अर्थ नाही.

ठाण्याची खाडी एका वर्षासाठी घ्या. रडारच्या सगळ्या ओहोटीच्या चित्रांवरून चिखलाच्या उंचीचा नकाशा काढा, त्यावर चाळणीचे निकाल मांडा, आणि किनारी क्षेत्राच्या नकाशात तो अधिकृतपणे जोडा. त्याला नवा उपग्रह लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.

तेवढंही जमेपर्यंत एक काम या महिन्यापासून करता येईल. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याच्या उंचीची नोंद ठेवली जाते. उपग्रहाच्या प्रत्येक चित्रावर ते कोणत्या मिनिटाला घेतलं याची नोंद असते. सरकारी खात्यानं, न्यायालयात दाखल होणाऱ्या प्रतिज्ञापत्रानं किंवा प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालानं खाडीचा नकाशा जोडला, की त्याच्या कोपऱ्यात तारखेखाली आणखी एक ओळ छापली जावी: चित्र घेतलं तेव्हा भरती किती मीटर होती. ती ओळ नसलेला नकाशा न्यायाधीशांनी परत पाठवावा.